पायांचा पहारेकरी : डॉक्टर पॉल ब्रँड

वाशिम जिल्ह्यातील आमच्या एका मंडळीत एक वृद्ध बंधू आहेत. त्यांचे व त्यांच्या गावाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. पुष्कळ वर्षांपासून त्यांस मधुमेह असून, पुढे मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी त्यांस डायलिसिसला जावे लागते. आम्ही भेटीस जात असू तेव्हा त्यांच्या रक्ताच्या तपासणीविषयी, पिण्याच्या पाण्याच्या मापाविषयी व प्रवासाच्या त्रासाविषयी विचारपूस करून, प्रार्थना करून परत येत असू. गेल्या वर्षी तुरीची कापणी झाल्यावर ते सहज शेतात एक फेरी मारून आले. वाटेत एक धसकट पातळ झालेल्या चपलेतून आरपार जाऊन तळपायात मोडले. परंतु त्यांस ते कळलेच नाही. चार दिवस ते त्याच पायावर चालले. पाचव्या दिवशी त्यांच्या लहान नातीस ओसरीवर आजोबांच्या पावलागणिक ओला डाग उमटलेला दिसला, तेव्हा घरात गोष्ट समजली. जीव वाचला, पण पायाची दोन बोटे गमवावी लागली. त्या चार दिवसांत एकदा आम्ही त्यांच्याजवळ बसून चहा घेऊन आलो होतो. आम्ही त्यांच्या मुखाकडे पाहिले, पायांकडे पाहिले नाही. ह्या गोष्टीची खंत आमच्या मनातून जात नाही.

काटा रुतावा आणि रुतला हे कळू नये, हे कसे घडते? जेथे दुखत नाही तेथे जखम इतकी का चिघळते? आणि असे होऊ नये म्हणून काय करावे? ह्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचिले, अशा एका ख्रिस्ती वैद्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव डॉक्टर पॉल विल्सन ब्रँड. त्यांनी आरंभी ही उत्तरे मधुमेही लोकांत शोधिली नाहीत. ती त्यांस आपल्याच देशात, कुष्ठरोग्यांच्या पायांत सापडली. परंतु ज्या वाटेने ती मधुमेह्यांपर्यंत येऊन पोहोचली ती वाट जाणून घेण्यासारखी आहे.

पॉल ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी तमिळ देशातील कोल्ली मलई नावाच्या डोंगरांत झाला. त्यांचे वडील जेसी ब्रँड व आई एव्हलिन हे दोघे इंग्लंडातून आलेले बाप्टिस्ट मिशनरी होते. त्या डोंगरांत रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, आणि हिवतापाने माणसे पटापट मरत. जेसी ब्रँड यांनी वैद्यकाचे थोडेसेच शिक्षण घेतले होते. तरी त्यांस दात काढणे, गळवे फोडणे, जखमा बांधणे, घरे उभारणे व शेती सुधारणे ही सर्व कामे करावी लागत. लहानग्या पॉलला रक्त व पू पाहून किळस येई, आणि आपण कधी वैद्य व्हावयाचे नाही असे त्याने मनाशी ठरवून टाकिले होते. एके दिवशी कुष्ठरोगाने पिडलेली काही माणसे त्यांच्या दारी आली. वडिलांनी मुलांस दूर राहावयास सांगितले, हातमोजे घातले, आणि त्या लोकांच्या पायांची क्षते धुऊन त्यांवर पट्ट्या बांधिल्या. एरव्ही धीट असलेले वडील त्या दिवशी भ्याल्यासारखे दिसले, ही गोष्ट मुलाच्या मनावर कायमची ठसली.

नऊ वर्षांचा असता, म्हणजे १९२३ साली, पॉलला त्याच्या बहिणीसह शिक्षणासाठी इंग्लंडास पाठविण्यात आले. त्यानंतर त्यास वडिलांचे दर्शन पुन्हा घडले नाही. १९२९ साली जेसी ब्रँड कोल्ली मलईतच काळ्या लघवीच्या तापाने वारले. आईने मात्र आपले काम सोडले नाही. ती पुढेही आपल्या देशात सेवा करीत राहिली आणि १९७४ साली, नव्वदी उलटल्यावर, तिचा अंत झाला.

शाळा संपल्यावर पॉलने वैद्यकाकडे पाठ फिरवून बांधकामाचा धंदा धरिला. सुमारे चार वर्षे तो गवंडीकाम, सुतारकाम व दगडकाम शिकला. वडिलांप्रमाणे मिशनरी होऊन डोंगरातील लोकांस घरे बांधून द्यावी असा त्याचा मानस होता. ही वर्षे फुकट गेली असे कोणास वाटेल, परंतु पुढे त्यांचा केवढा उपयोग झाला हे वाचकांस दिसेलच. भार कोठे पडतो, तो कसा वाटून द्यावा, लाकूड कोठे तडकते, जोड कोठे निखळतो, हे ज्याने हातांनी शिकून घेतले होते, त्यालाच पुढे माणसाच्या पायाचे कोडे सुटले.

मिशनरी कामाची तयारी म्हणून त्याने प्रथमोपचाराचे व उष्ण देशांतील रोगांचे थोडे शिक्षण घेतले. त्या काळात एका रुग्णालयात रक्तस्रावाने मरणोन्मुख झालेली एक स्त्री दुसऱ्याचे रक्त दिल्याने डोळ्यांदेखत पुन्हा सजीव झालेली त्याने पाहिली. तेव्हा त्याच्या मनातील किळस गळून पडली. त्याने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकाचा अभ्यास आरंभिला. तेथेच मार्गरेट बेरी ह्या सहाध्यायिनीशी त्याची ओळख होऊन १९४३ साली त्यांचा विवाह झाला. ह्या बाई पुढे नेत्रवैद्य म्हणून प्रसिद्धीस आल्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असता घायाळ लोकांवर शस्त्रक्रिया करून ब्रँड शल्यवैद्य झाले, आणि १९४६ साली वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकविण्यासाठी आपल्या जन्मभूमीत परत आले.

पुढील साली डॉक्टर रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांस चिंगलपट येथील कुष्ठरोग्यांचे आश्रम पाहावयास नेले. तेथे वाकड्या, आखडलेल्या बोटांचे कितीएक हात त्यांच्या दृष्टीस पडले. ब्रँड यांनी चौकशी केली, तेव्हा आजवर एकाही अस्थिवैद्याने ह्या हातापायांचा नीट अभ्यास केला नाही असे त्यांस समजले. त्यांनी एका रोग्याच्या हातात आपला हात देऊन दाबावयास सांगितले. तो हात इतका बळकट निघाला की ब्रँड यांसच कळ आली. त्यांस दोन गोष्टी उमगल्या. एक ही की त्या हातातील काही स्नायू अद्याप शाबूत आहेत. दुसरी ही की आपण समोरच्या माणसास दुखवीत आहो हे त्या रोग्यास कळत नाही, कारण त्याच्या हातात संवेदनाच नाही. पहिल्या गोष्टीवरून त्यांनी चांगल्या स्नायूंच्या दोऱ्या वळवून आखडलेली बोटे सरळ करण्याची शस्त्रक्रिया सिद्ध केली व तिजमुळे त्यांची कीर्ती जगभर झाली. परंतु आमच्या आजच्या विषयाशी संबंध आहे तो दुसऱ्या गोष्टीचा.

त्या काळी बहुतेक सर्वांचा, वैद्यांचादेखील, असा समज होता की कुष्ठरोगात मांस आतून आपोआप कुजते आणि बोटे झडून जातात. आपल्या विदर्भातील वाचकांस ह्या रोगाची ओळख करून देण्याची गरज नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ साली मनोहर दिवाण यांनी, व अमरावतीस तपोवनात १९४६ साली डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन यांनी ह्या रोग्यांसाठी जी कामे उभारिली, ती आपल्या वाडवडिलांनी पाहिलेली आहेत. अंग झडते ते रोगामुळेच झडते, त्यावर उपाय नाही, असे आपल्याही घरी म्हटले जात असे. ब्रँड यांस मात्र ह्याविषयी संशय आला. शस्त्रक्रियेसाठी कापलेले हे मांस इतर कोणाच्याही मांसासारखेच भरून येते, मग ते आपोआप का कुजावे?

एके दिवशी एका कोठीचे गंजलेले कुलूप त्यांस उघडेना. जवळच उभ्या असलेल्या एका लहान कुष्ठरोगी मुलाने किल्ली हातात घेऊन एका हिसक्यात ती फिरविली. ब्रँड यांस नवल वाटले; पण खाली पाहतात तो रक्ताचे थेंब. किल्लीच्या कडेने मुलाचे बोट हाडापर्यंत चिरले गेले होते, आणि त्यास त्याची वार्ताही नव्हती. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बोट रोगाने खाल्ले नव्हते, ते किल्लीने कापले होते. वेल्लोर येथे त्यांनी बऱ्या झालेल्या तरुणांसाठी नवजीवन निलयम नावाची झोपड्यांची एक छोटी वसाहत उभारिली होती व तेथे ते त्यांस सुतारकाम शिकवीत. आता तेथील प्रत्येकाचे हातपाय रोज तपासावयाचे, आणि नवी जखम दिसली की ती कोठून आली ह्याचा छडा लावल्यावाचून राहावयाचे नाही, असा त्यांनी नियम केला. कोणी हातोड्याच्या दांड्याची फोड घट्ट धरिली होती, कोणी तापलेले भांडे नुसत्या हाताने उचलिले होते, कोणी खिळा निघालेल्या वहाणेने दिवसभर चालला होता. काही जखमांचे मूळ मात्र सापडेना. रात्री निजताना बोट धड आणि सकाळी त्याचा तुकडा नाहीसा! शेवटी रात्री पहारा ठेविला, तेव्हा उंदीर येऊन झोपलेल्या माणसाचे बोट कुरतडताना आढळला. दुसऱ्या कोणाची झोप पहिल्याच दाताला मोडली असती. ह्याची मोडली नाही. तेव्हापासून घरी जाणाऱ्या रोग्यांबरोबर मांजरही देण्याची वहिवाट पडली.

ह्याप्रमाणे एकेका जखमेचा माग काढून ब्रँड अशा निर्णयास आले की बधिर अंगावरील क्षते बहुतेक बाहेरून येतात, आतून नव्हे. वेदना ही देवाने शरीराच्या वेशीवर उभा केलेला जागल्या आहे. तो जागल्या मेला की चोर दिवसाढवळ्या आत शिरतो. म्हणून हे दैव नव्हे, शाप नव्हे. हे टाळता येते. त्यांच्या सबंध आयुष्याचे सार ह्या एका वाक्यात आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पायाचे कोडे हाताहून अवघड होते. पायात खिळा रुतला नाही, निखारा पडला नाही, तरी नुसते चालून चालून तळव्याला भोक पडे. येथे त्यांतील गवंडी कामास आला. आपण धड माणसे चालताना नकळत पाय बदलतो, टाचेवरचा भार बोटांवर नेतो, दुखू लागले की लंगडतो. बधिर पायाचा मनुष्य असे काही करीत नाही. तो एकाच जागेवर हजारो वेळा तेवढाच भार टाकीत जातो. पुढे अमेरिकेत त्यांनी उंदरांच्या बधिर केलेल्या पावलांवर यंत्राने हलके हलके ठोके देऊन पाहिले. एका ठोक्याने काहीच होत नसे. पण तेच ठोके दिवसानुदिवस पडत राहिले म्हणजे जागा लाल होई, गरम होई, सुजे, आणि शेवटी फुटे. तळपायावर जेथे घट्टा पडतो तेथे आत जखम तयार होत असते, हे ह्यावरून सिद्ध झाले. फुटण्याच्या आधी ती जागा हाताला गरम लागते. ती ऊब ही मुक्या पायाची हाक होय.

तेव्हा उपाय दोन ठरले. जखम झालेल्या पायास विश्रांती, आणि बऱ्या झालेल्या पायास योग्य वहाण. जी क्षते वर्षानुवर्षे मलमपट्टीने भरून आली नव्हती, ती ब्रँड यांनी पायाला बेताचे प्लास्टर घालून भरून आणिली. प्लास्टरमुळे शरीराचा भार सबंध तळव्यावर व पोटरीवर वाटला जाई आणि जखमेवरील दाब नाहीसा होई. ही युक्ती त्यांच्या पूर्वी काहींनी योजिली होती. तिचे मर्म उलगडून तिचा प्रसार करणे हे ब्रँड यांचे काम. वहाणांसाठी त्यांनी मेण, चामडे, लाकूड, रबर अशा पुष्कळ वस्तूंचे प्रयोग केले. शेवटी बारीक बारीक छिद्रांचे मऊ रबर आत आणि टणक तळ बाहेर अशी चप्पल ठरली. आज आपल्या सरकारी दवाखान्यांतून कुष्ठरोग्यांस जी एम.सी.आर. चप्पल देतात, ती ह्याच रबराची होय.

ब्रँड यांच्या आयुष्यातील एक रात्र विशेष सांगण्यासारखी आहे. परदेशचा लांब प्रवास करून, आगगाडीत कित्येक तास अवघडून बसून, थकून ते लंडनास एका घरी उतरले. निजण्यापूर्वी मोजे काढिताना त्यांच्या ध्यानात आले की एका टाचेला स्पर्श लागत नाही. त्यांनी टाचणी टोचून पाहिली, काही कळेना. आणखी खोल टोचली, रक्त आले. तरी काही कळेना. कुष्ठरोग्यांत इतकी वर्षे वावरल्यावर त्यांस काय वाटले असेल ह्याची कल्पनाच करावी. आता बायकामुलांपासून दूर राहावे लागेल, शस्त्रक्रिया थांबेल, इतरांस जो धीर दिला तो आता आपणांस कोण देईल, अशा विचारांत त्यांनी ती रात्र काढिली. पहाटे पुन्हा टाचणी टोचली, आणि कळ मस्तकात गेली. अवघडून बसल्यामुळे एक मज्जातंतू दबून पाय काही वेळ बधिर झाला होता, इतकेच. त्या सकाळी त्यांनी वेदनेबद्दल देवाचे आभार मानिले, आणि पुढे जन्मभर ते मानीत राहिले. फिलिप यान्सी यांच्याबरोबर १९९३ साली त्यांनी एक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा विषय हाच : वेदना हे कोणासही नकोसे वाटणारे, पण अमोल दान आहे.

१९६६ साली ते अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात कारव्हिल येथील सरकारी कुष्ठरुग्णालयात गेले व तेथे सुमारे वीस वर्षे राहिले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की अमेरिकेत कुष्ठरोगी थोडे आहेत, पण बधिर पायांची माणसे लाखोंनी आहेत, आणि ती मधुमेही आहेत. रक्तातील साखर पुष्कळ वर्षे चढती राहिल्यास पायांचे मज्जातंतू मरतात. प्रथम मुंग्या येतात, आग होते, मग काहीच होत नाही. आणि काहीच होत नाही म्हणून मनुष्य समाधान मानितो! मधुमेह्यांच्या तळव्याचे क्षत ब्रँड यांनी पाहिले तो ते हुबेहूब वेल्लोरच्या क्षतासारखे. तेथील पुष्कळ वैद्य त्याचा दोष केवळ बिघडलेल्या रक्तवाहिन्यांस देत, आणि पाय कापणे हे अटळ समजत. ब्रँड यांनी त्यांस जोडे काढून पाय पाहावयास शिकविले. अटलांटा येथील ग्रेडी रुग्णालयात डॉक्टर डेव्हिडसन यांनी मधुमेहाच्या दवाखान्यात प्रत्येक रोग्याचे जोडेमोजे काढवून पाय पाहण्याची पद्धत पाडिली. तेव्हा कोणालाच ठाऊक नसलेल्या कितीतरी जखमा उघडकीस आल्या, आणि तेथील पाय कापण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली आले. कारव्हिलच्या मंडळींनी नायलॉनच्या बारीक तंतूने पायाची संवेदना तपासण्याची रीतही पक्की केली. तो तंतू १० ग्रॅम भाराने वाकतो, आणि वाकेपर्यंत टेकविला तरी ज्यास तो कळत नाही त्याचा पाय धोक्यात आहे असे समजावे. ही परीक्षा आज जगभर चालते. १९९२ साली कारव्हिल येथून पाय वाचविण्याची एक रीतसर मोहीमही सुरू झाली.

त्यांच्या एका फसलेल्या प्रयत्नातूनही आपण शिकण्यासारखे आहे. त्यांनी पुष्कळ खर्चाने व श्रमाने कृत्रिम वेदनेचे यंत्र तयार करविले. दाब वाढला की कानात आवाज व्हावा किंवा विजेचा चटका बसावा अशी योजना होती. परंतु माणसे आवाजाकडे दुर्लक्ष करीत, चटका बसू लागला की यंत्र बंद करून काम आटोपीत आणि मग ते पुन्हा चालू करीत. जी वेदना बंद करता येते ती राखण करीत नाही, असा धडा घेऊन ब्रँड यांनी तो नाद सोडिला. यंत्राने जे साधले नाही ते रोज पाहणाऱ्या डोळ्यांनीच साधावयाचे आहे.

आता डायलिसिसवर असलेल्या आमच्या मधुमेही बंधुभगिनींकडे वळू. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने ही सोय जिल्हा रुग्णालयांपर्यंत आणण्याचे काम चालविले आहे, त्यामुळे पूर्वी जे मेले असते ते आज जगत आहेत. परंतु ह्यांच्या पायांवर संकटे एकदम येतात. मज्जातंतू मेलेले, रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या व मूत्रपिंडाच्या रोगामुळे चुन्यासारख्या टणक बनलेल्या, म्हणून जखमेस पुरते रक्त पोहोचत नाही, अंगात रक्त कमी, पायांस सूज कधी चढते कधी उतरते, आणि त्याच मधुमेहाने दृष्टीही मंद झालेली. ज्यास पाय कळत नाही त्यास तो दिसतही नाही! त्यातून आठवड्याचे दोन-तीन दिवस यंत्राजवळ सुमारे चार चार तास एका स्थितीत पडून राहावे लागते व टाचा गादीवर दाबल्या जातात. म्हणूनच जगातील तज्ज्ञ बधिर पायाच्या डायलिसिस रोग्यास सर्वांत मोठ्या धोक्याच्या वर्गात धरितात, आणि त्याचे पाय जाणकाराने दर एक ते तीन महिन्यांनी तपासावे असे सांगतात.

घरी काय करावे ते थोडक्यात लिहितो. रोज संध्याकाळी उजेडात दोन्ही पाय, तळवे, टाचा व बोटांची बेचके दुसऱ्या डोळस माणसाने पाहावी. लाली, फोड, भेग, घट्टा, काळेपणा, ओल पाहावी, आणि एक पाय दुसऱ्याहून गरम तर नाही ना हे हाताच्या पाठीने पाहावे. पाय धुण्याचे पाणी घरच्या निरोगी माणसाने आधी हात घालून पाहावे. पाय भिजत ठेवू नयेत, धुऊन बेचके कोरडी करावी. टाचांस तेल लावावे, बेचक्यांत लावू नये. शेकोटीजवळ पाय नेऊ नये, गरम विटेने शेकू नये. नखे सरळ कापावी. घट्टा किंवा कुरूप पात्याने कोरू नये, त्यावर औषधी पट्टीही लावू नये. अनवाणी अंगणातही जाऊ नये. धसकटांच्या व बाभळीच्या काट्यांच्या शेतात तर मुळीच नाही. वहाण मऊ तळाची व मागून पट्टा असलेली असावी, पायात घालण्यापूर्वी ती झटकून आत हात फिरवून पाहावी, आणि नवी घेताना पायास सूज असेल त्या वेळी मापून घ्यावी. डायलिसिसच्या वेळी पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राखाव्या, आणि तेथील परिचारिकेस पाय पाहण्याची नम्रपणे विनंती करावी. विडी व तंबाखू सोडावी, कारण तंबाखूने आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

आणि जखम दिसलीच तर तीवर हळद, चुना, राख, तंबाखू, झाडपाला काही लावू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन, स्वच्छ फडक्याने झाकून, त्या पायावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. दुखत नाही म्हणून उद्यावर टाकू नये. दुखत नाही हेच तर भिण्याचे कारण. न दुखता पाय एकाएकी लाल, गरम व सुजलेला झाला तरीही तेच करावे, कारण आत हाडे खचू लागलेली असण्याचा संभव असतो. प्लास्टर घालावे की नाही हे मात्र पायातील रक्तप्रवाह तपासून डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे.

हे सर्व फार कठीण आहे काय? आमचा शेतकरी संध्याकाळी बैल गोठ्यात बांधताना त्याचा खूर उचलून पाहतो. खडा अडकला असेल तर काढितो, नाल निघाली असेल तर दुसऱ्या दिवशी ठोकवून आणितो. बैल बोलत नाही म्हणून आपण पाहतो. बधिर पायही बोलत नाही. जो मान आपण बैलाला देतो तेवढा वडिलांच्या पायांस द्यावा, इतकेच मागणे आहे. आसा राजास वृद्धपणी पायांचा रोग जडला होता, हे आमच्या उपदेशक बंधूंनी शास्त्रात वाचले आहे. आणि आपल्या प्रभूने कमरेस रुमाल बांधून कोणाचे काय धुतले हेही ते जाणतात. तेव्हा आजाऱ्याच्या भेटीस गेल्यावर प्रार्थनेपूर्वी त्याचे पाय पाहण्यास कोणी लाजू नये.

डॉक्टर ब्रँड यांस १९६० साली लास्कर पारितोषिक व पुढील साली ब्रिटिश राणीकडून सन्मान मिळाला. कारव्हिल सोडल्यावर ते सिॲटल शहरी राहिले, तेथे विद्यापीठात शिकविले, आणि ८ जुलै २००३ रोजी, पडून डोक्यास इजा झाल्याचे निमित्त होऊन, ८८व्या वर्षी प्रभूमध्ये निजले. किळस येते म्हणून ज्या मुलाने वैद्यक नाकारिले होते, त्याने आपल्या वडिलांनी भीतभीत धुतलेल्या पायांस निर्भयपणे हातात घेण्यात जन्म घालविला.

वर सांगितलेल्या वृद्ध बंधूंच्या घरी आम्ही परवा गेलो होतो. दिवेलागणीस त्यांची नात पाण्याचे तांब्ये व फडके घेऊन आली, आजोबांचे पाय मांडीवर घेतले, एकेक बोट वेगळे करून पाहिले, आणि मान हलवून आम्हांस सर्व ठीक असल्याचे कळविले. त्या पायांस आता पहारेकरी मिळाला आहे. आमच्या प्रत्येक मंडळीत असा एकेक पहारेकरी उभा राहो, अशी आमची प्रार्थना आहे.